रेग्युलेटरीत जायचंय? मग लोटे एमआयडीसीच्या प्लांटपासून तयारी करा

खेड, चिपळूण, महाड, रोहा या पट्ट्यातली फार्मसी आणि केमिस्ट्रीची मुलं-मुली हल्ली वारंवार विचारतात, रेग्युलेटरी अफेअर्समध्ये, म्हणजे औषधांना सरकारी परवानग्या मिळवण्याच्या आणि टिकवण्याच्या कामात, मॅनेजर व्हायचं तर काय तयारी करावी? बऱ्याच जणांच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं: मुंबईला जाऊन एखादा डिप्लोमा करायचा आणि ऑफिसात डॉसियर (परवानगीसाठी सरकारला द्यायची फाइल) लिहायला बसायचं. माझं मत वेगळं आहे आणि ही सगळी यादी त्या मतावर उभी आहे. सरकारकडे दिलेली फाइल आणि प्लांटमध्ये प्रत्यक्ष घडतं ते, या दोहोंत फरक पडू न देणं हे रेग्युलेटरीच्या माणसाचं मूळ काम. ज्याने प्लांट पाहिला नाही त्याला हा फरक ओळखूच येत नाही. आणि प्लांट तर तुमच्या दारात आहे.

डिग्रीचं आधी उरकून घेऊ. बी.फार्म किंवा ऑरगॅनिक, अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीतली एम.एस्सी. पुरते. एम.फार्मला ड्रग रेग्युलेटरी अफेअर्स हा विषय घेता येतो. जमलं तर घ्यावा, पण तो नाही म्हणून वाट अडत नाही. आरएपीएस या रेग्युलेटरीतल्या लोकांच्या संस्थेची आरएसी ही परीक्षा अनेक देशांत मानली जाते. ती अनुभव गाठीशी आल्यावर द्यावी, पदवी हातात पडल्या पडल्या नव्हे.

पहिली नोकरी क्यूसी (गुणवत्ता चाचणी) किंवा क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी) शोधा. लोटे परशुराम, महाड, रोह्याजवळचं धाटाव, वर पातळगंगा आणि तळोजा या एमआयडीसींत एपीआय (औषधातला मुख्य घटक), इंटरमीजिएट (तो बनवतानाचे मधले पदार्थ) आणि स्पेशालिटी केमिकल्सचे कारखाने आहेत. दोन-तीन वर्षं तिथे मन लावून काढा. बीएमआर, म्हणजे बॅच बनवतानाची नोंद, हातात घेऊन रिअ‍ॅक्टरपाशी उभे राहा. बीएमआरमध्ये तापमानाची मर्यादा लिहिलेली असते. ते तापमान कुठल्या मीटरवर वाचतात, त्या मीटरचं कॅलिब्रेशन कधी झालं, शिफ्ट बदलताना अर्धवट राहिलेली नोंद कोण पुरी करतं, हे पाहा. ऑपरेटर दादांशी बोला. वीस-पंचवीस वर्षं एकच प्रॉडक्ट चालवलेल्या माणसाला त्या प्रोसेसबद्दल जे माहीत असतं ते पुष्कळदा कुठल्याच कागदावर नसतं, आणि रेग्युलेटरीच्या दृष्टीने नेमकी तीच काळजीची जागा असते. डेव्हिएशन (ठरल्या पद्धतीपासून झालेला फरक), ओओएस (मर्यादेबाहेरचा चाचणी निकाल), चेंज कंट्रोल (बदलाची रीतसर तपासणी आणि मंजुरी), कापा (चूक सुधारण्याचे आणि टाळण्याचे उपाय) हे शब्द पुस्तकातून पाठ करू नका. एखादं डेव्हिएशन उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्याच्या मागे राहा.

कोकणातल्या प्लांटमध्ये एक गोष्ट आपोआप शिकायला मिळते: दमटपणा. जुलै महिन्यात ओलावा ओढणारी पावडर ड्रायरमधून काढल्यापासून आतली लायनर बॅग बंद होईपर्यंत किती वेळ उघडी राहते, पॅकिंग रूमची आर्द्रता किती ठेवलेली असते, पावसाळी बॅचचं लॉस ऑन ड्रायिंग (सुकवल्यावर घटणारं वजन) उन्हाळी बॅचपेक्षा वर सरकतं का, हे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. मग स्टॅबिलिटीची, म्हणजे माल किती काळ टिकतो ते तपासण्याची, गाइडलाइन वाचा. अ‍ॅक्सिलरेटेड अभ्यास ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने. लाँग टर्म २५ अंश आणि ६० टक्क्यांना, किंवा माल उष्ण-दमट देशांत जाणार असेल तर ३० अंश आणि ७५ टक्क्यांना. हे आकडे मग तुम्हाला परके वाटणार नाहीत. नव्या पदार्थासाठी आयसीएच ही औषधांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था साधारणपणे तीन बॅचचा, किमान बारा महिन्यांचा लाँग टर्म डेटा मागते. वर्ष म्हणजे वर्षच. त्याला जवळची वाट नाही. आगोटीला लाकूडफाटा, मीठ-मिरची पाऊस लागण्याआधी घरात आणतात, तशी स्टॅबिलिटी फायलिंगच्या कितीतरी आधी लावावी लागते, आणि ते आठवणीने लावून घेणं हे पुढे तुमचंच काम असणार आहे.

याला जोडूनच आणखी एक तयारी, जी आपल्या किनाऱ्यावर टाळून चालत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि अनेक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच दिवसांत सावित्रीचं महाडमध्ये. अशा वेळी स्टॅबिलिटी चेंबरचं तापमान किती वेळ मर्यादेबाहेर गेलं, राखून ठेवलेले नमुने कुठल्या मजल्यावर होते, जुने बीएमआर कोरडे राहिले का, सर्व्हरची दुसरी प्रत कुठे आहे, हे प्रश्न परदेशातला तपासनीस विचारणार. आपल्या प्लांटपुरती याची उत्तरं आजच शोधून ठेवा. पूर आला म्हणून आकडे नाहीत, एवढं सांगून चालत नाही. केव्हा काय बंद पडलं, कोणी पाहिलं, कोणत्या नमुन्यांवर परिणाम झाला आणि पुढे काय ठरवलं, हे त्या त्या वेळी लिहिलेलं असेल तर तुमचं म्हणणं टिकतं. नंतर आठवून भरलेली वही कोणीही ओळखतो.

आता वाचन. क्लासच्या नोट्स बाजूला ठेवा आणि मूळ दस्तऐवज वाचा. जवळपास सगळे नेटवर फुकट आहेत. सुरुवात आयसीएच क्यू७ पासून करा, कारण एपीआय कारखान्याचं रोजचं जीवन त्यात आहे. मग एपीआय विकसित करण्यावरचं क्यू११, स्टॅबिलिटीसाठी क्यू१ए, अशुद्धतांसाठी क्यू३ए, सॉल्व्हंटसाठी क्यू३सी, आणि जरा स्थिरावल्यावर, डीएनएला इजा करू शकणाऱ्या अशुद्धतांवरचं एम७. सीटीडी या डॉसियरच्या ठरलेल्या साच्याचे पाच मॉड्यूल समजून घ्या: पहिलं त्या त्या देशाचं प्रशासकीय, दुसरं सारांशांचं, तिसरं गुणवत्तेचं, चौथं प्राण्यांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या अभ्यासांचं, पाचवं माणसांवरच्या चाचण्यांचं. एपीआयवाल्याचं घर तिसऱ्या मॉड्यूलमध्ये. अमेरिकेसाठी टाइप दोन डीएमएफ (एपीआय उत्पादकाची गोपनीय तांत्रिक फाइल), युरोपसाठी स्ट्रासबर्गच्या ईडीक्यूएम या औषध-गुणवत्ता संस्थेचं सीईपी (एपीआय युरोपीय मानकाला उतरल्याचं प्रमाणपत्र), हे दोन शब्द रोज कानावर पडतील. डीएमएफला मंजुरी मिळत नाही. एखाद्या औषधाच्या अर्जात त्याचा आधार घेतला की त्याची तपासणी होते. ही बाब ग्राहकाला समजावून सांगता आली पाहिजे. आपल्याकडचा १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि २०१९ चे नवीन औषध व क्लिनिकल ट्रायल नियम वाचा. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेलं सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्याने पाळायचे उत्पादनाचे नियम) तर ओळीओळीने वाचा. उत्पादनाचा परवाना राज्याचं एफडीए देतं, नवीन औषध आणि आयात केंद्राच्या सीडीएससीओकडे, ही वाटणी पक्की डोक्यात ठेवा.

वाचनात एक प्रकरण मी आवर्जून सांगतो: २०१८ चं व्हल्सार्टन. रक्तदाबाच्या या गोळ्या जगभरातून परत मागवाव्या लागल्या, कारण त्यात एनडीएमए हा कर्करोगाची शक्यता असलेला नायट्रोसामाइन सापडला. चीनमधल्या एका उत्पादकाने काही वर्षांपूर्वी प्रोसेस बदलली होती. नव्या प्रक्रियेत वापरलेलं सॉल्व्हंट आणि सोडियम नायट्राइट यांतून तो तयार होत होता. नेहमीच्या चाचण्यांत तो दिसत नव्हता, कारण तो तिथे असेल असं कोणी शोधलंच नव्हतं. या प्रकरणाचे यूएस एफडीए आणि युरोपची ईएमए या औषध नियामकांचे कागद वाचा. मग आपल्या प्लांटमधला एक जुना चेंज कंट्रोल घ्या आणि स्वतःला विचारा, सॉल्व्हंट किंवा रिएजंट बदलल्यावर नवीन काय तयार होऊ शकतं, हा प्रश्न त्या फॉर्मवर कोणी विचारलाय का? गोळी घेणारा माणूस ती उघडून तपासू शकत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी विचारायचं असतं, आणि ती जागा तुमची आहे.

लिहिण्याचा सराव वेगळा करावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. मी सांगतो, ती सोडा. क्वेरीच्या (नियामकाने विचारलेल्या प्रश्नाच्या) उत्तरात भाषा सुंदर लागत नाही, नेमकी लागते. विचारलंय तेवढ्याचंच उत्तर, त्याचा पुरावा कुठल्या पानावर आहे ते, आणि काम बाकी असेल तर कधी पुरं होईल ती तारीख. तारीख लिहिण्याआधी प्रॉडक्शन आणि क्यूसीच्या माणसांना विचारा. अमेरिकी तपासनीस जाताना फॉर्म ४८३ (आढळलेल्या त्रुटींची यादी) देऊन गेला तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर पोचलं पाहिजे. त्या धावपळीत न झेपणारं वचन देणारे पुढच्या तपासणीत स्वतःच्याच शब्दांत सापडतात. सरावासाठी यूएस एफडीएची वॉर्निंग लेटर्स वाचा. ती सगळ्यांसाठी खुली असतात. प्रत्येक निरीक्षणाला आपण काय उत्तर दिलं असतं ते लिहून काढा आणि क्यूएच्या एखाद्या जाणत्या मॅडमना किंवा सरांना दाखवा.

ईसीटीडीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सीटीडीचं, सॉफ्टवेअर कामावर शिकता येतं. एक्सेल मात्र चांगलं हवं.

औषध नकोच असेल तर किनाऱ्यावर याच कामाच्या इतर वाटा आहेत. केमिकलवाल्यांना युरोपचा २००७ पासून लागू झालेला रीच हा रसायनांचा कायदा शिकावा लागतो: वर्षाला एक टन किंवा जास्त पदार्थ तिकडे गेला की नोंदणी आली. रत्नागिरीच्या मासळी प्रक्रियेत ईआयसीची (निर्यात तपासणी परिषदेची) मान्यता, एचएसीसीपी (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याची पद्धत), अँटिबायोटिकच्या अंशांची तपासणी, युरोपसाठी एमपीईडीए या सागरी निर्यात प्राधिकरणाकडून येणारं कॅच सर्टिफिकेट (मासळी कायदेशीर पकडल्याचा दाखला). शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. हापूसच्या निर्यातीतही हेच आहे. फळमाशीमुळे १ मे २०१४ पासून युरोपने भारतीय आंबा बंद केला आणि पुढच्या वर्षी, बागेपासून पॅकहाउसपर्यंतची व्यवस्था सुधारल्यावर, पुन्हा उघडला. अमेरिकेसाठी विकिरण लागतं. अशी फाइल सांभाळणाऱ्या माणसांची आंबा आणि मासळीच्या धंद्यात मोठी उणीव आहे, असं मला मनापासून वाटतं.

मॅनेजर होण्याची तयारी मात्र कागदांपलीकडची आहे. रिन्युअल, वार्षिक अहवाल, फी, क्वेरीच्या मुदती यांचं कॅलेंडर तुमच्या नावावर असतं. त्याहून अवघड म्हणजे नकार देता येणं. महिनाअखेरीला डिस्पॅच अडलेला असतो, मार्केटिंगचा फोन चालू असतो, आणि नवीन सप्लायरचा माल अजून फाइलमध्ये नोंदलेला नसतो. तेव्हा शांतपणे ‘हा माल त्या देशात जाणार नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि लगेच ‘पण या देशात जाऊ शकतो, तोवर मी व्हेरिएशन (फाइलमधल्या बदलाचा अर्ज) टाकते’ असंही. नुसता नकार देणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी विचारत नाही, परस्पर माल जातो.

एक व्यवहाराची गोष्ट. मुख्य रेग्युलेटरी टीम बहुधा मुंबई-नवी मुंबईत बसतात, त्यामुळे प्लांटची वर्षं झाल्यावर काही काळ तिकडे राहण्याची घरच्यांशी बोलून तयारी ठेवा. मुलाखतीला जाताना आपल्या प्लांटमधल्या एका बदलाचा पूर्ण प्रवास सांगता यायला हवा: कोणी सुचवला, धोका कसा तपासला, कुठले बॅच डेटा घेतले, कुठल्या देशाला काय कळवलं, उत्तर काय आलं. हे सांगताना मॉलिक्यूलचं, ग्राहकाचं नाव तोंडातून जाता कामा नये. समोर बसलेले तेही लक्ष देऊन ऐकत असतात.