टेराफॉर्म आणि अ‍ॅन्सिबलसाठी सेटिंगची एकच फाइल

पर्वरीत बसून कळंगुट-बागाच्या हॉटेलांच्या बुकिंग साइट सांभाळणाऱ्यांना डिसेंबरचा सीझन तोंडावर आला की सर्व्हर वाढवावे लागतात, पोर्ट (सर्व्हरवर जोडणी येते ते क्रमांक) बदलावे लागतात. सेटिंगचं तेच मूल्य टेराफॉर्ममध्ये (सर्व्हर उभे करणारं साधन) एकदा आणि अ‍ॅन्सिबलमध्ये (त्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवणारं साधन) पुन्हा लिहिलेलं असेल, तर एका जागी बदल राहून जातो आणि ऐन गर्दीत फायरवॉल एक पोर्ट उघडतो, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ऐकतो दुसऱ्यावर.

रीजन (सर्व्हर कुठल्या भागात आहे ते), डोमेन, पोर्ट अशी सामायिक मूल्यं एका यामल फाइलमध्ये (साध्या मजकुरातली सेटिंगची फाइल) ठेवा. टेराफॉर्म ती लोकल्समध्ये (त्याच्या स्थानिक मूल्यांच्या भागात) 'यामलडीकोड' फंक्शनने वाचतं. अ‍ॅन्सिबलला तीच फाइल प्लेबुकमध्ये (त्याच्या कामांच्या यादीत) 'व्हार्स फाइल्स'खाली द्या. मधे कन्व्हर्ट करणारी स्क्रिप्ट लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

अवतरणचिन्हांकडे मात्र बारीक लक्ष द्या. फाइलची परवानगी ०६४४ अशी उघडी, म्हणजे अवतरणाशिवाय लिहिली, तर अ‍ॅन्सिबलचा पार्सर (फाइल वाचणारा भाग) ती अष्टमान (आठच्या पायातली संख्या) समजून ४२० करतो. 'नो' हा उघडा शब्द 'फॉल्स' (असत्य) होतो. असं प्रत्येक मूल्य अवतरणात घाला.

सर्व्हर उभा राहिल्यावरच कळणारा आयपी या फाइलमध्ये हाताने भरू नका. टेराफॉर्मचं आउटपुट जेसन या मजकुरी स्वरूपात काढा, त्यातली हवी तेवढी मूल्यं वेगळ्या फाइलमध्ये घ्या आणि प्लेबुक चालवताना ती एक्स्ट्रा व्हार्स (चालवतानाच दिलेली जादा मूल्यं) म्हणून जोडा.

पासवर्ड इथे अजिबात नकोत. टेराफॉर्मने वापरलेलं मूल्य सहसा स्टेट फाइलमध्ये (टेराफॉर्म स्वतःची नोंद ठेवतं ती फाइल) साध्या मजकुरात उरतं. पासवर्डसाठी अ‍ॅन्सिबल व्हॉल्टची (मजकूर कूटबद्ध करणारी सोय) वेगळी फाइल ठेवा.