अल्कॅथोई वटवाघळाच्या सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी

परवाना, रेबीजची लस, हातमोजे, डोक्यावरचा दिवा आणि जादा बॅटऱ्या यांविषयी वेगळे सांगायला नको. इंग्लंडमध्ये विनापरवाना वटवाघूळ पकडणे गुन्हा आहे, एवढे पुरे. मला सांगायचे आहे ते कापडी पिशव्यांविषयी. प्रत्येक वटवाघळासाठी स्वतंत्र, धुतलेली पिशवी हवी, आणि अंदाज असेल त्याच्या दुप्पट पिशव्या बरोबर घ्याव्यात. मागच्या उन्हाळ्यात माझ्या पिशव्या मध्यरात्रीपूर्वीच संपल्या, तेव्हा एक पिशवी उलटी झटकून मी दुसऱ्यांदा वापरली. दोघांच्या लेंड्या एकत्र झाल्या आणि त्या नमुन्यावरून जात ठरवणे अशक्य झाले.

लेंड्यांचे एवढे महत्त्व अशासाठी की, ही जात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. तिचे शास्त्रीय वर्णन २००१ मध्ये ग्रीस आणि हंगेरीतील नमुन्यांवरून झाले, आणि ब्रिटनमध्ये ती असल्याची खात्री २०१० मध्ये पटली. तोवर ती व्हिस्कर्ड आणि ब्रँट या दिसायला सारख्या दोन वटवाघूळ-जातींतच मोजली जात होती. माझ्या तळहातावरचा तो जीव जेमतेम साडेचार ग्रॅमचा होता; तांबूस केस, आखूड अंगठा, इवलेसे पाऊल, सारे वर्णनाशी जुळत होते. तरीही अग्रबाहू (कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग) ३३ मिलिमीटरच्या आत भरला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण लहान चणीचे व्हिस्कर्डही तिथवर येते. व्हर्नियर कॅलिपर न्यावा, माप दोनदा घ्यावे, पण निर्णय लेंडीतील डीएनएवर सोडावा. डिटेक्टरवर (वटवाघळांच्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या हाका टिपणाऱ्या यंत्रावर) हाक ४३ ते ४६ किलोहर्ट्झच्या आसपास संपत असेल तर तो चांगला इशारा समजावा, पुरावा नव्हे. दाट झाडीत इतर जातींच्या हाकाही वर सरकतात.

म्हणून पुन्हा सांगतो: एक वटवाघूळ, एक पिशवी, लेंड्यांसाठी एक नळी. नळीत ओल शोषणारे सिलिका जेल असावे, ओलसर लेंडीतील डीएनए लवकर खराब होतो. चिठ्ठीवर पिशवीचा क्रमांक, वेळ आणि जाळ्याची जागा पेन्सिलीनेच लिहावी.

जागा जुन्या पानझडी वनातली, ओढ्याकाठची निवडावी. माद्या गाभण असताना किंवा पिल्ले अंगावर पीत असताना जाळे लावूच नये. मिस्ट नेटपासून, म्हणजे वटवाघळे पकडण्याच्या बारीक जाळ्यापासून, दूर जाऊ नये. रेडिओ टॅग (माग काढण्यासाठी अंगावर लावायचा छोटा प्रक्षेपक) वटवाघळाच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे ०.२ ग्रॅमच्या आसपास. पिशव्या निघताना पुन्हा मोजाव्यात.