पर्स्पेक्टिव्हचा सराव: १८-५५ची किट लेन्स, टेप आणि खडू

झूम केल्याने पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या वस्तूंच्या आकारांचं आपसांतलं प्रमाण बदलतं, असं नव्याने कॅमेरा घेतलेल्या बहुतेकांना वाटतं. बदलतं ते तुम्ही पुढेमागे सरकलात की. खात्री करायची तर कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सने एकाच जागेवरून १८ आणि ५५ एमएमवर (झूमची दोन टोकं) एकेक फोटो काढा आणि १८चा फोटो ५५च्या फ्रेमइतका क्रॉप करा. माणूस आणि मागची भिंत यांचं प्रमाण दोन्हींत सारखंच दिसेल. २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम अडीच उरतील, एवढाच फरक.

आता अंतर बदला. देवळाच्या आवारात दीपमाळ मागे येईल असं, तिच्यापासून २० मीटरवर मित्राला उभं करा. त्याच्यापासून १, १.३३, १.९५, २.५ आणि ३.०५ मीटरवर टेपने मोजून खडूने खुणा करा. लेन्सवरच्या १८, २४, ३५, ४५, ५५ या आकड्यांच्या या जागा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला धरा, डोळे दर वेळी ग्रिडच्या (स्क्रीनवरच्या आडव्याउभ्या रेषांच्या) त्याच रेषेवर आणा. पाचही फोटोंत चेहरा तेवढाच राहतो, दीपमाळ मात्र शेवटी जवळपास पावणेतीनपट मोठी होते. चेहराही नीट बघा. नाकाचा शेंडा ते कान साधारण १२ सेंटीमीटर. म्हणून १ मीटरवरून नाक कानाच्या मानाने १२ टक्के मोठं उमटतं, ३ मीटरवरून फक्त ४ टक्के. पोर्ट्रेटसाठी मागे सरकायचं ते यासाठीच.

हेच व्हिडिओत सलग केलं की डॉली झूम. बिघडतं ते बहुधा एक्स्पोजर: एफ ३.५ची लेन्स झूमबरोबर एफ ५.६ होते (एफचा आकडा मोठा, तर प्रकाश कमी) आणि चित्र मध्येच काळवंडतं. मॅन्युअल मोडमध्ये आधीच एफ ८ ठेवा, व्हाइट बॅलन्सही (रंगांची छटा) लॉक करा. झूम करताना फोकस सरकतो, तेव्हा कंटिन्युअस ऑटोफोकस हवाच. झूमच्या रिंगवर आकडे समान अंतरावर नसतात; चालण्याचा वेग खुणा बघून जमवावा लागतो. फोर-केमध्ये शूट केलं तर चेहऱ्याचा थोडा लहानमोठेपणा एडिटमध्ये सावरता येतो. मोबाइलवर लेन्स बदलताना चित्र उडी मारतं, म्हणून एकाच लेन्सच्या टप्प्यात राहा.

झूम बर्स्ट, म्हणजे शटर उघडं असताना झूम फिरवून रेषा उमटवणं, त्यामानाने सोपा. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, आयएसओ १००, एफ १६, शटर १ सेकंद. शटरचा पहिला निम्मा वेळ रिंग फिरवू नका, मग फिरवा. सुरुवातीपासून फिरवली तर मधला विषयही फिसकटतो. संध्याकाळी दिव्यांच्या माळांवर रेषा छान उठतात. भर उन्हात याच सेटिंगला फोटो पांढराफट्ट येईल. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा) लावा आणि शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवा.