भांगेच्या बिया स्वयंपाकात कशा वापरायच्या : चटणी, ठंडाई आणि थोडं इकडचं तिकडचं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण बियांचं पॅकेट घरात आलं की पहिला प्रश्न हाच असतो, याने नशा चढते का? नाही, याने चढत नाही. नशा आणणारं टीएचसी असतं ते झाडाच्या शेंड्याच्या फुलांत आणि काही प्रमाणात पानांत, बीच्या आत जवळपास नसतंच, सालीला बाहेरून चिकटून आलं असेल तेवढंच. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, नोव्हेंबर २०२१ मध्ये भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ हे रीतसर खाण्याचे पदार्थ म्हणून मान्य केलेत, बियांमध्ये किलोला ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही.

पानांची भांग हा वेगळा विषय. ती घालून घरी बर्फी-लाडू करायच्या भानगडीत मी पडत नाही, तुम्हीही पडू नका. महाराष्ट्रात भांग दारूबंदी कायद्याखाली येते, परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही, आणि दुसरं म्हणजे पोटातून गेलेली भांग अर्धा तास, कधी दोन तास काही कळूच देत नाही, मग माणूस म्हणतो अरे काहीच झालं नाही, अजून एक ग्लास दे, आणि रंगपंचमी दवाखान्यात जाते.

आता खरेदी. दुकानात नुसतं भांग म्हणालात तर समोरचा भलतंच समजेल, हेम्प सीड मागा. ऑनलाइन सहज मिळतात, फक्त पॅकेटवर एफएसएसएआयचा नंबर बघा. दोन प्रकार येतात, एक अख्ख्या सालीसकट, करड्या-तपकिरी, कोथिंबिरीच्या धण्यापेक्षा किंचित लहान, आणि दुसरा सोललेला, ज्याला हेम्प हार्ट म्हणतात, मऊ, पांढरा-हिरवट. चटणीला अख्ख्या, ठंडाईला आणि वरून भुरभुरायला सोललेल्या. बाटल्यांच्या बाबतीत मात्र लोक हमखास गोंधळतात : हेम्प सीड ऑइल हे खायचं तेल, आणि सीबीडी किंवा विजया नावाने येतं ते औषध, वैद्याच्या चिठ्ठीवर मिळणारं, ते भाकरीवर ओतायचं नसतं. आणि उरलेल्या बिया कुंडीत टाकून बघायची हौस नको, झाड लावणं गुन्हा आहे.

चटणीपासून सुरुवात करा, कारण ती आपल्याला परकी वाटतच नाही. पेठ-सुरगाण्याकडची खुरासणीची (कारळ्याची) चटणी खाल्ली असेल तर चव साधारण त्याच घराण्यातली आहे, फक्त कडवटपणा कमी आणि अक्रोडासारखा तेलकट गोडवा जास्त. एक वाटी अख्ख्या बिया घ्या, ताटात पसरून खडे-काड्या बघून घ्या (असतात!), मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर कोरड्याच भाजा. तीन-चार मिनिटांत तडतडायला लागतात, खमंग वास येतो, तिथेच गॅस बंद करायचा आणि लगेच ताटात काढायच्या, कारण गरम कढईत राहिल्या की करपतात आणि करपलेली बी कडू ती कडूच, मग कितीही गूळ घाला. त्याच कढईत आठ-दहा सुक्या लाल मिरच्या, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि चमचाभर जिरं परतून घ्या, अर्धी वाटी सुकं खोबरं हवं तर घाला, मी घालतो. सगळं पूर्ण गार झालं की मीठ टाकून मिक्सरला थांबून थांबून फिरवा, एका दमात फिरवलंत तर बियांचं तेल सुटून गोळा होतो. साल थोडी कचकच लागते, ती लागणारच, त्यातच मजा आहे, पण घरात म्हातारं माणूस असेल किंवा दातांची तक्रार असेल तर आधी नुसत्या बिया बारीक करून चाळून घ्या. नागलीची किंवा बाजरीची भाकरी, कच्चा कांदा, ही चटणी आणि वर थोडं कच्चं तेल, बास.

उत्तराखंडात कुमाऊंकडे हीच बी ओल्या चटणीत घालतात. भाजलेल्या बिया, हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना, जिरं, मीठ आणि भरपूर लिंबू, थोडं पाणी घालून वाटायचं. तिकडे बटाट्याच्या गुटक्यांबरोबर (मसाल्यात परतलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या फोडी) खातात, आपल्याकडे बटाटेवड्याबरोबर करून बघा, साबुदाणा वड्याबरोबर तर विचारूच नका. उपवासाला चालतं का हे मला विचारू नका, ते तुमच्या घरच्या आजींना विचारा.

ठंडाई आता. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उड्या मारून आलेल्या मंडळींना गार काहीतरी हवंच असतं, आणि ही ठंडाई पोरांनाही देता येते. चार ग्लासांसाठी अर्धी वाटी सोललेल्या बिया, दहा-बारा बदाम, दोन चमचे मगज, एक चमचा खसखस, एक चमचा बडीशेप, सात-आठ मिरे आणि चार वेलच्यांचे दाणे. बदाम, मगज, खसखस, बडीशेप, मिरे रात्री भिजत घाला, हेम्प हार्ट भिजवायची गरज नाही. सकाळी बदाम सोलून सगळं एकत्र थोड्या पाण्यात गुळगुळीत वाटा, मग तीन ग्लास गार पाणी किंवा अर्धं पाणी अर्धं दूध, साखर चवीप्रमाणे, फडक्यातून गाळा, थोडं गुलाबपाणी. नुसतं पाणी घातलं तरी दुधाळ होते, कारण सोललेल्या बीत जवळपास निम्मी चरबी असते. फक्त एक लक्षात ठेवा, ही उकळायची नाही, गरम केली की फाटल्यासारखी होऊन वर गुठळ्या येतात. जरा वेळ ठेवली तरी खाली गाळ बसतो, ढवळून ओता.

सोललेल्या बियांचं बाकी काही शिकायचं नाही, त्यांना शिजवावं लागत नाही. पोह्यांवर, दह्यावर, थालीपिठाच्या भाजणीत मूठभर. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं स्वस्त असतात तेव्हा द्राक्षं चिरून, दही, किंचित साखर, मिरपूड आणि वर दोन चमचे बिया, अशी कोशिंबीर घरात सगळे खातात. जिमवाल्यांसाठी सांगतो, तीन मोठे चमचे म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्यात नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन मिळतं. पहिल्याच दिवशी मात्र वाटीभर खाऊ नका, पोट ढिलं होतं. एक-दोन चमच्यांपासून सुरू करा.

तेलाबद्दल माझं मत ठाम आहे : फोडणीला अजिबात नाही. हे तेल लवकर धुरकट होतं, मिसळीच्या तर्रीला तापवलंत तर वास बिघडेल आणि महागाचे पैसे वाया. गरम वरणावर, ठेच्यावर, खिचडीवर ताटात वाढल्यावर चमचाभर घ्या. रंग गडद हिरवा असतो, तो बघून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

साठवण. थंडीत नाशिकमध्ये बिया डब्यात बाहेर राहिल्या तरी महिनाभर काही होत नाही, पण मार्चनंतर ऊन चढलं की सगळं फ्रीजमध्ये टाका, तेल तर बारा महिने फ्रीजमध्येच. खवट झालं की जुन्या रंगासारखा वास येतो, मग चटणीत लसूण वाढवून लपवायचा प्रयत्न करू नका, सरळ फेका. सुकी चटणी कोरड्या बरणीत दोन आठवडे छान टिकते, खोबरं घातलं असेल तर आठवड्यात संपवा, ओली मात्र दोन दिवसांत, आणि चमचा कोरडाच.