रिसीव्हरमधली खरखर कमी करायचीय? मग कॉमन मोड चोक नीट गुंडाळा

शॉर्टवेव्हवर नुसती खरखर येतेय म्हटलं की जो तो सांगतो, कोॲक्सवर (अँटेनाच्या केबलवर) एक क्लिपवाला फेराइट, म्हणजे चुंबकीय पदार्थाचं कडं, बसव. नका बसवू. केबल त्यातून एकदाच जाते, अडथळा मिळतो फार तर शंभरेक ओहमचा, तोही वरच्या बँडवर. ८० आणि ४० मीटरला, म्हणजे खालच्या बँडला, त्याने ढिम्म फरक पडत नाही.

आधी रिसीव्हर बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर एकेक एमसीबी चालू करत दोषी शोधा, बहुतेक वेळा एखादा अडॅप्टर नाहीतर एलईडी दिवा निघतो, तो सरळ बदला.

मग अँटेना लावलेली ठेवून रिसीव्हरची यूएसबी केबल काढून-लावून बघा. नॉईज (खरखर) उडी मारत असेल तर तुमचं काम कॉमन मोड चोकचंच आहे, म्हणजे फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या केबलचं. कारण आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सीचा करंट) धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, या स्किन इफेक्टमुळे कोॲक्सच्या शील्डची (बाहेरच्या जाळीची) आतली बाजू आणि बाहेरची बाजू आरएफसाठी दोन वेगळ्या तारा असतात, घरातला कचरा बाहेरच्या बाजूने अँटेनापर्यंत चढतो आणि तिथून सिग्नलबरोबर आतून परत येतो. रिसीव्हर कितीही भारी घ्या, हे थांबत नाही.

आता गुंडाळणं. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, कारण जो तो वेगळं सांगतो आणि मटेरियलबद्दल कुणी बोलतच नाही. खालच्या बँडसाठी ३१ मिक्सचा (मिक्स म्हणजे फेराइटचा प्रकार) फेराइट टोरॉइड, म्हणजे गोल कडं घ्या, २.४ इंची. ४३ मिक्स वरच्या बँडला चालतो. लाल-पिवळे रंगवलेले आयर्न पावडरचे कोअर दिसायला सेम असतात पण चोकसाठी अजिबात नकोत, त्यांची पर्मिॲबिलिटी (चुंबकीय क्षेत्र धरायची क्षमता) फार कमी असते. आणि जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेला, मिक्स माहीत नसलेला कोअर तर कुणी फुकट दिला तरी वापरू नका.

असं का, तर चोकचा इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) नुसता मोठा असून भागत नाही, तो रेझिस्टिव्ह, म्हणजे ऊर्जा जिरवणारा हवा. नुसता इंडक्टिव्ह (कॉइलसारखा) असेल तर केबलच्या कपॅसिटिव्ह रिॲक्टन्सशी, म्हणजे उलट्या जातीच्या अडथळ्याशी, तो कटतो आणि शील्डवरचा करंट कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, म्हणजे चोक लावून नॉईज वाढला अशी तक्रार येते ना, ती खोटी नसते. ३१ मिक्स एचएफवर (शॉर्टवेव्हवर) लॉसी आहे, म्हणजे ऊर्जा जिरवतो, म्हणूनच तो हवा.

वेढे मोजताना केबल भोकातून किती वेळा गेली तेच मोजायचं. इम्पिडन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, पण वेढ्यांमधली कपॅसिटन्सही वाढते आणि रेझोनन्स (ज्या फ्रीक्वेन्सीला चोक सगळ्यात जोरात अडवतो ती जागा) खाली सरकतो, त्यामुळे जास्त वेढे म्हणजे जास्त चांगलं हे डोक्यातून काढा. ८० आणि ४० मीटरला १० ते १२, वरच्या बँडला त्याहून कमी. पहिला आणि शेवटचा वेढा एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर आरएफ चोकला बगल देऊन सरळ पलीकडे उडी मारतं. फोमवाली कोॲक्स इतकी घट्ट वळवू नका, मधली तार हळूहळू फोममध्ये सरकते. नुसत्या रिसीव्हिंगला आरजी ३१६ सारखी पातळ केबल मस्त बसते.

नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) असेल तर चोकच्या दोन्ही टोकांची शील्ड दोन पोर्टच्या मधल्या पिनांना जोडा आणि एस२१, म्हणजे एका पोर्टवरून दुसऱ्यावर किती सिग्नल पोचतो ते बघा. उणे ३४ डीबी म्हणजे साधारण ५००० ओहम, तेवढं मिळालं की पुरे.

एक चोक फीडपॉइंटला (कोॲक्स अँटेनाला जोडते तिथे), दुसरा कोॲक्स घरात शिरते तिथे. शील्ड बाहेर अर्थ रॉडला जोडलेलं असेल तर दुसरा चोक रॉड आणि रिसीव्हरच्या मध्ये.

नॉईज करणाऱ्या वस्तूची वायर गुंडाळायची असेल तर फेज, न्यूट्रल, अर्थ असलेली अख्खी वायर एकत्र गुंडाळा, कापू नका. एकटीच तार घातली तर लोडच्या करंटने कोअर सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने पूर्ण भरतो) आणि चोक निकामी.

एवढं करूनही मेन स्विच बंद असताना खरखर तशीच असेल तर ती बाहेरून थेट अँटेनावर येतेय, तिथे चोक काही करू शकत नाही, अँटेनाच घरांपासून लांब न्या.