एलईडीखाली लेट्यूस लावलेल्या खोलीला किती टनाचा एसी?

‘१२० चौरस फुटांना एक टन’ हा दुकानातला हिशेब माणसं झोपतात त्या खोलीचा आहे. दिव्यांखाली लेट्यूस-बेसिलसारख्या पालेभाज्यांचे रॅक लावलेल्या बंद खोलीत तो कामाचा नाही. इथे बहुतेक उष्णता दिव्यांतून येते. रॅक दुप्पट केले की दिव्यांची उष्णताही दुप्पट होते, चौरस फूट मात्र तेवढेच राहतात. तेव्हा टेप बाजूला ठेवा आणि वॅटमीटर घ्या.

उदाहरणाला नाशिकमधली वरच्या मजल्यावरची १० बाय १२ ची खोली धरू. चार रॅक, प्रत्येकाला चार खण, दर खणाला ९० वॅटचे एलईडी. खोलीत २३-२४ अंश हवेत.

दिवे

वॅट सॉकेटपाशी मोजा, खोक्यावरचे वाचू नका. ऑनलाइन ‘१००० वॅट’ म्हणून विकले जाणारे कित्येक ग्रो लाइट जेमतेम १०० वॅट ओढतात. ‘एलईडी तापत नाही’ हेही डोक्यातून काढा. प्रकाश पानावर, ट्रेवर, भिंतीवर पडून शेवटी उष्णताच होतो. प्रकाशसंश्लेषणात अडकतो तो वाटा हिशेबात धरण्याइतकासुद्धा नसतो. १६ खणांचे १,४४० वॅट, वर पंप आणि पंखे २०० वॅट. झाले १,६४०. ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारे डबे, खोलीबाहेर बसवता आले तर दिव्यांच्या वॅटपैकी साधारण दहावा हिस्सा वाचतो.

स्लॅब आणि भिंत

मे महिन्यात दुपारी उघडा स्लॅब एकटाच १,२०० वॅटच्या आसपास उष्णता आत सोडतो, पश्चिमेची भिंत आणखी ३५०. स्लॅबवर पांढरा रंग मारून आतून दोन इंची थर्माकोल लावलं, तर स्लॅबचा आकडा चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. पण त्याहून स्वस्त उपाय म्हणजे दिवे रात्री लावा. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा, सोळा तास. झाडाला घड्याळ कळत नाही आणि स्लॅबचा व दिव्यांचा जोर एकाच वेळी येत नाही.

रात्रीच्या वेळापत्रकात दिवे-पंखे १,६४०, स्लॅब-भिंतीची उरलेली धग ६००, दाराच्या फटींतून येणारी हवा १५०. मिळून सुमारे २,४००. वर वीस टक्के धरा, म्हणजे २,९००. हेच दिवे दुपारी लावले तर हिशेब ४,००० वॅटवर जातो. खोली तीच.

ओलावा

मला सगळ्यात जास्त छळलं ते इथे, आणि बहुतेक सल्ले चुकतात तेही इथेच.

झाडांना पाणी पुरवणाऱ्या टाकीत रोज जेवढं पाणी भरता ते जवळजवळ सगळं पानांतून हवेत जातं. या खोलीत भरल्या पिकाला दिवसाला २० लिटर धरा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ०.६८ युनिट ऊर्जा लागते. काही जण ही ऊर्जा दिव्यांच्या वॅटवर आणखी मिळवतात आणि नको तेवढा मोठा एसी घेतात. तसं करू नका. ती ऊर्जा झाडाने दिव्यांच्या उष्णतेतूनच घेतलेली असते. बेरीज बदलत नाही. फक्त उष्णतेचा एक भाग ओलाव्याच्या रूपात एसीकडे येतो.

दिवे चालू असताना हे निभतं. एसी जोरात चालतो, त्यातली हवा गार करणारी कॉइल थंडगार असते, ड्रेनमधून पाणी वाहतं. घोळ होतो दिवे बंद झाल्यावर. मे महिन्यात तो दिसतच नाही, कारण तापलेला स्लॅब दिवसभर एसीला कामाला लावतो. जुलैत बाहेर २५-२६ अंश, ऊन नाही, दिवे बंद. एसीला थंड करायला काही उरत नाही, कॉम्प्रेसर थांबतो किंवा रेंगाळतो आणि पानं मात्र तासाला अर्धा लिटर पाणी सोडतच राहतात. या खोलीची हवा ६५ टक्के आर्द्रतेपासून पूर्ण ओली व्हायला फक्त पाव लिटर वाफ पुरते. अर्धा-पाऊण तास. मग बेसिलच्या पानांखाली करडी बुरशी येते, लेट्यूसची आतली कोवळी पानं कडेने करपतात. दमट, साचलेल्या हवेत त्यांच्यापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. लोक मात्र खतात खोट शोधत बसतात.

यावर मोठा एसी घेणं हा सगळ्यात वाईट उपाय. मोठं मशीन चार मिनिटांत खोली गार करून थांबतं, आणि कॉइलवर जमलेलं पाणी पंख्याच्या वाऱ्याने परत खोलीत येतं. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं इन्व्हर्टर मशीन कमी कामात कॉइल कोमट ठेवतं. वीज वाचते, पण ओलावा निघत नाही. बहुतेक एसींचा ड्राय मोड आर्द्रता मोजून चालत नाही, त्याच्या भरवशावर पीक ठेवू नका.

हवेतला ओलावा काढणारा वेगळा डिह्युमिडिफायर घ्या, आर्द्रतेच्या आकड्यावर चालू-बंद होणारा. त्याच्यावरचे ‘दिवसाला ३० लिटर’ हे ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचे असतात. तुमच्या २३ अंशांत निम्म्याच्या आसपास निघतात. या खोलीच्या बंद-दिव्यांच्या तासांना तेवढे पुरतात. तो ओढतो ते ३०० वॅट खोलीतच उष्णता होतात, म्हणून एसीच्या हिशेबात मिळवा: २,९०० चे ३,२००.

मशीन निवडणं

एक टन म्हणजे ३,५१७ वॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, पण ‘एक टन’ लिहिलेल्या प्रत्येक मशीनची क्षमता तेवढी नसते. बीईईच्या (ऊर्जा दक्षता ब्युरोच्या) स्टार लेबलवर क्षमता वॅटमध्ये छापलेली असते, ती वाचा. ‘दीड टन’ म्हणवणारी पुष्कळ मशिनं ५,००० च्या आतबाहेर असतात. आणि तो आकडा बाहेर ३५, आत २७ अंश असतानाचा आहे. तुम्ही आत २३ ठेवणार, तेव्हा दहा टक्के कापा. दिवे दुपारी चालणार असतील तर मेच्या उन्हासाठी आणखी दहा.

३,२०० वॅट मिळवायला लेबलवर ३,६०० तरी हवेत. एक टन थोडक्यात कमी पडतो, दीड टन पुरतो. मी मात्र एकेक टनाची दोन मशिनं बसवीन: एक २३ वर, दुसरं २६ वर. पहिलं कमी पडलं किंवा बंद पडलं तरच दुसरं उठतं. एकच मशीन असेल आणि ते शनिवारी रात्री बंद पडलं, तर मेकॅनिक येईपर्यंत दिव्यांखालचा लेट्यूस कोमेजलेला असेल.

वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारंच मॉडेल घ्या. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात नको. फिल्टर दर पंधरवड्याला धुवा.

बसवल्यावर एसी आणि डिह्युमिडिफायर, दोन्हींच्या ड्रेनखाली बादल्या ठेवून एक पूर्ण दिवस पाणी मोजा. टाकीत २० लिटर भरले आणि बादल्यांत १७-१८ आले तर हिशेब जमला. दहाच आले आणि भिंती ओल्या दिसल्या, तर एसीला हात लावू नका, डिह्युमिडिफायर वाढवा. २५ आले तर पावसाची हवा आत शिरते आहे, दाराला रबरी पट्टी लावा.