नको ती जोडी टळेपर्यंत पुन्हा पिसणे: चाचणी-तुकड्यांची यादृच्छिक मांडणी

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू वावरात कपाशीच्या चार वाणांची तुलना करायची आहे. धुऱ्यालगत एका ओळीत बारा तुकडे आखले असून प्रत्येक वाणाला तीन तुकडे द्यायचे आहेत. वरच्या अंगाला बरड आणि नाल्याकडे भारी काळी जमीन असल्यामुळे एकच वाण लागोपाठच्या दोन तुकड्यांत येऊ नये, अशी अट आहे.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक वाणाचे नाव तीनदा लिहून बारा नावांची यादी करावी आणि ती रँडम.शफल या यादीचा क्रम यादृच्छिकपणे बदलणाऱ्या फंक्शनने पिसावी. हे फंक्शन मूळ यादीच बदलते व स्वतः काहीही परत देत नाही, म्हणून त्याचे उत्तर दुसऱ्या नावात साठवू नये. त्यानंतर पहिल्यापासून अकराव्या तुकड्यापर्यंत प्रत्येकाची त्याच्या पुढच्याशी तुलना करावी. एकही जोडी सारखी निघाली, तर संपूर्ण मांडणी टाकून देऊन नव्याने पिसावे.

संपूर्ण मांडणी टाकण्याचे कारण आहे. फक्त खटकणारे दोन तुकडे अदलाबदल करून वेळ वाचवण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास काही मांडण्या इतरांपेक्षा अधिक वेळा निघू शकतात. सरसकट टाकून पुन्हा पिसल्यास अटीत बसणाऱ्या प्रत्येक मांडणीला अगदी सारखी संधी मिळते, आणि यादृच्छिकतेचा सारा अर्थ त्या समान संधीतच आहे.

एकूण ३,६९,६०० मांडण्यांपैकी ४१,३०४ या अटीत बसतात, म्हणजे सुमारे ११ टक्के. त्यामुळे सरासरी नऊ वेळा पिसावे लागते. संगणकाला ते काहीच नाही. तरीही फेऱ्यांना मर्यादा घालावीच. सलग शंभर फेऱ्या वाया जाण्याची शक्यता येथे लाखात एकाहूनही कमी आहे, म्हणून तेवढ्यात उत्तर न मिळाल्यास आधी कोड आणि अट तपासावी. उदाहरणार्थ, बारापैकी सात तुकडे एकाच वाणाला दिले, तर अट पाळणारी मांडणी अस्तित्वातच नसते आणि मर्यादा नसलेला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग, कधीच थांबत नाही.

सीड, म्हणजे यादृच्छिक क्रम ज्यावरून सुरू होतो तो आकडा, ठरवायचे असल्यास ते लूपच्या बाहेर, एकदाच ठरवावे. लूपच्या आत, पिसण्यापूर्वी दर वेळी मूळ यादी आणि तेच सीड दिले, तर तीच नाकारलेली मांडणी पुन्हा पुन्हा समोर येत राहील.

जमिनीचा उतार ठळक असेल, तर मात्र बारा तुकडे एकत्र पिसण्यापेक्षा उताराच्या दिशेने चार-चारांचे तीन गट करून प्रत्येक गटात चारही वाण एकेकदा पिसणे मला अधिक योग्य वाटते, कारण बरड आणि भारी अशा दोन्ही जमिनी प्रत्येक वाणाच्या वाट्याला येतात. मग तपासायचे राहतात ते गटांमधले दोन सांधे. सोळापैकी नऊ मांडण्या पहिल्याच फेरीत पार होतात आणि सरासरी दोनांहूनही कमी फेऱ्या लागतात. मिळालेली मांडणी खुंट्या ठोकण्यापूर्वी सीडच्या आकड्यासह चाचणीच्या नोंदवहीत उतरवावी, म्हणजे पुढे कोणालाही ती त्याच कोडमधून जशीच्या तशी काढता येईल.